लाल रानफुलांचे तावदान

मित्रांनो, उन्हाशिवाय माझ्यात बघण्यासारखे फारसे काही नाही. मी एक जुने रंगीत तावदान आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात राहते.

माझा जन्म अ‍ॅडलेडच्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी लाल, हिरव्या आणि दुधी काचा कापल्या, शिशाच्या पट्ट्यांत बसवल्या आणि सांधे कथलाने डाखून पक्के केले. मग खडूची भुकटी आणि जवसाचे तेल मळून केलेले लुकण ब्रशने फटीफटीत भरले. त्या लुकणावरच माझी सारी ताकद. आमच्या वाळवंटात फुलणारी काळ्या डोळ्याची लाल रानफुले माझ्यावर काढलेली आहेत.

गावातल्या एका हॉटेलच्या जेवणघरात मला बसवले. उजेड आत यावा, पण कोण किती जेवते ते रस्त्यावरून दिसू नये, एवढेच माझे काम होते. लोक मान वर करून माझ्याकडे बघत. खाणीतला सुतार क्लेम ट्रेविन मात्र जेवण वाढणाऱ्या मर्लकडे बघे.

"काय रे, पोटात खाण आहे का तुझ्या?" मर्ल एकदा म्हणाली. "तिसरं पुडिंग झालं!"

"तू आणतेस म्हणून मागतो. गोड कुठं आवडतं मला?"

पुढे त्यांचे लग्न झाले. हॉटेलवाल्यांनी जेवणघर पाडून नवे केले, तेव्हा क्लेमने मला मागून घेतले आणि आपल्या पत्र्याच्या घराच्या समोरच्या दारात बसवले.

आमच्याकडे समोरच्या दाराने कुणी येत नाही. शेजारी, पोरेबाळे, दूधवाला, सगळे मागून थेट स्वयंपाकघरात. समोरचे दार पोलिसाचे आणि पाद्र्याचे. पण मर्लला माझे वेड होते. दुपार कलली की पश्चिमेचे ऊन माझ्यातून दारामागच्या बोळात पडे. ती स्टूल घेऊन तिथे वाटाणे सोलत बसे आणि ओरडे, "क्लेम, चहा इकडेच आण. हात लाल झालेत बघ माझे!" वादळाची लाल धूळ माझ्यावर बसली की ती कोरड्या फडक्याने हळूच पुसे. फार सुखाची वर्षे होती ती.

मग मर्ल आजारी पडली आणि गेली. तिला समोरच्याच दारातून बाहेर नेले. त्या दिवसापासून क्लेमने बोळाचे आतले दार लावून घेतले. माझे ऊन रिकाम्या जमिनीवर पडू लागले.

तरी तो मला विसरला नव्हता. दर शनिवारी बाहेरून येई आणि बागेच्या नळीने माझ्यावर पाण्याचा फवारा मारी. धूळ जाई, मी चमके, तो टोपी सारखी करून परत जाई. त्याला वाटे, मर्लची वस्तू आपण जपतो आहोत. इकडे पाणी फटींत शिरून लुकण धुऊन नेत होते. मी वाऱ्यात खडखडू लागले. माझे पोट पुढे आले.

ईस्टरला त्याची मुलगी हेदर आली. तिने मला हात लावला, तर एक काच हलली.

"बाबा, हे कुणाच्या तरी अंगावर पडेल. काढून टाकू आणि साधी काच लावू."

"ते तुझ्या आईचं आहे."

"मला माहीत नाही का? पण पडल्यावर काय राहील तिचं?"

मला वाटले, संपले सगळे. पण हेदरने काचकाम करणाऱ्या नोएलाला बोलावले. नोएलाने येऊन समोरच्या दारावर थाप मारली.

आतून क्लेम ओरडला, "मागून ये गं! पुढून फक्त पाद्री येतो!"

"मग आज मीच पाद्री! उघड!"

नोएलाने मला बोटाने दाबून पाहिले. "याच्यावर पाणी कोण मारतं?"

"मी. मर्लला धूळ खपायची नाही."

"ती पाणी मारायची?"

क्लेमने आपला खांदा चोळला. मग म्हणाला, "फडक्यानं पुसायची. माझा खांदा वर जात नाही गं आता."

"अरे म्हाताऱ्या, मग हाक मारायचीस कुणाला तरी!" नोएला हळू आवाजात म्हणाली. "वाचेल हे. सगळं सोडवून नव्या शिशात बसवते. पण परत इथेच लावू? तू तर या बोळात फिरकतही नाहीस."

क्लेमने वळून स्वयंपाकघराकडे बोट केले. "नको. स्वयंपाकघरात लाव. मागच्या दाराशेजारच्या खिडकीत. मी तिथंच असतो."

समोरच्या दाराला साधी काच लागली. मी आता पूर्वेच्या उन्हात आहे. सकाळी माझी लाल फुले टेबलावर पसरतात, क्लेमच्या कपावर, पावावर, हातांवर. तो हात तिथेच ठेवून चहा थंड होऊ देतो.

मित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात किंवा शाळेत माझ्यासारखे एखादे तावदान असेल, तर त्यावर नळी धरू नका. मऊ, कोरडे फडके पुरे. आणि ते माणसे बसतात तिथे असू द्या. क्लेम मला रोज पुसतो, पण त्याचा हात माझ्या अर्ध्यापर्यंतच पोचतो. वरच्या फुलांसाठी त्याने आता नियम केला आहे. मागच्या दाराने जो पहिला आत येईल, त्याच्या हातात फडके द्यायचे.

"आधी वरचं पूस," तो म्हणतो, "मग चहा."