सात चिंध्या

मिस्त्रीच्या शेडमध्ये एक नियम होता, आणि तो मोडणाऱ्याला तिथे थारा नव्हता. इंजिन उघडलं की जेवढी भोकं उघडी पडतील त्या सगळ्यांत चिंध्या कोंबायच्या, म्हणजे एखादा वॉशर किंवा वाळूचा कण आत पडायला नको. चिंधी पांढरीच हवी, मिस्त्रीच्या जुन्या बनियनची, कारण रंगीत कापडावर घाण कळत नाही. किती चिंध्या आत गेल्या तो आकडा भिंतीवर खडूने लिहायचा. इंजिन बंद करताना निघालेल्या चिंध्या मोजायच्या आणि तो आकडा शेजारी लिहायचा. दोन्ही जुळले नाहीत, तर घराला आग लागली तरी पाना हातात घ्यायचा नाही.

भिंतीवर एकतीस वर्षांपूर्वीचे असे दोन आकडे अजून होते. सात आत, सात बाहेर. मध्ये शेडला दोनदा रंग झाला, पण तेवढा चौकोन मिस्त्रीने रंगाऱ्याला शिवू दिला नाही.

"मिस्त्री, भिंतीला खरूज झाल्यासारखं दिसतंय," रंगारी म्हणाला.

"दिसू दे," मिस्त्री म्हणाला. विषय संपला.

त्या चौकोनाखाली, ताडपत्रीत गुंडाळलेली, एक इटालियन मोटरसायकल उभी होती. रेसची गाडी. लाल टाकी, एकच सिलिंडर, दिवा नाही, आरसा नाही. किकसुद्धा नाही, माणसाने मागून धावत ढकलायची तेव्हा ती सुरू होणार. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला. "बाईसाहेबांचं सगळंच उलटं," असं धाकटा म्हणायचा.

धाकटा म्हणजे मिस्त्रीचा भाऊ. इंजिन मिस्त्रीने बांधायचं आणि गाडी धाकट्याने पळवायची, ही वाटणी फार लवकर होऊन गेली होती, कारण मिस्त्रीला वेगाची भीती वाटायची आणि धाकट्याला पाना धरायचा कंटाळा. शेडचे नियम तो जमेल तसे पाळायचा. मिस्त्री त्याच्यावर खेकसायचा, आणि तो हसून कानाला हात लावायचा. पुन्हा तेच.

शेवटच्या शर्यतीत, तिसऱ्या फेरीला, वळणावर गाडीचं मागचं चाक जाम झालं. धाकटा जागच्या जागी गेला. तेहतीस वर्षांचा होता, घरी अडीच वर्षांची मुलगी. बघणारे म्हणाले, इंजिन सीझ झालं, आतल्या आत आवळलं. इंजिन कोणी बांधलं होतं, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

मिस्त्री रडला नाही. तेराव्या दिवशीही नाही, नंतरही नाही. नातेवाइकांनी त्याला दगड म्हणून घेतलं. तो काही दगड नव्हता. दात काढायचं इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावावं आणि तो गाल दुसऱ्याचाच वाटावा, तसं त्याचं झालं होतं. फक्त ते इंजेक्शन उतरलं नाही. तो जेवायचा, लोकांच्या गाड्या दुरुस्त करायचा, भावजयीच्या घरचा गळका नळ बसवून द्यायचा. आठवायचं ते एकच, आणि तेही काही खास नव्हतं. सुरुवातीच्या रेषेवर धाकट्याने खिसे चाचपले होते. गॉगल पुसायला तो नेहमी एक फडकं जवळ ठेवायचा.

"दादा, माझं फडकं पाहिलंस का?"

"बाहीला पूस," मिस्त्री म्हणाला होता, आणि त्याला ढकललं होतं. दोघांचं शेवटचं बोलणं ते.

चूक आपली होती की नव्हती, हे त्या इंजिनाच्या पोटात होतं. म्हणूनच मिस्त्रीने ते उघडलं नव्हतं. भिंतीवरचे सात आणि सात मात्र तो रोज सकाळी बघायचा.

पुतणीने ताडपत्री ओढली ती एका रविवारी, न विचारता. ती दातांची डॉक्टर झाली होती आणि लोकांना आ करायला लावून लावून तिला हुकूम सोडायची सवय लागली होती.

"काका, या वर्षी मी बाबांच्या वयाची झाले. आता हिला चालू करायची."

"सामान मिळत नाही हिचं."

"मी मागवलंय. पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व, सगळं. आईला सांगू नका, ती ओरडेल."

मिस्त्रीच्या मनात आलं, नाही म्हणावं. पण नाही म्हणायलाही आतून काहीतरी वर यावं लागतं. त्याने चिंध्यांचा डबा काढला, तिला नियम समजावून सांगितला. चिंधी पांढरी का, आकडा कुठे, दोन्ही जुळेपर्यंत पाना का नाही.

"आमच्याकडेही तोंडात घातलेले कापसाचे बोळे मोजतात," ती म्हणाली. "तुमच्याइतका दरारा नसतो, एवढंच."

सिलिंडरवरचं हेड दुसऱ्या रविवारी निघालं. पिस्टन सिलिंडरमध्ये असा चिकटला होता की महिनाभर डिझेलमध्ये ठेवूनही हलेना. शेवटी सिलिंडर तापवून, लाकडाचा ठोकळा लावून, हातोडीने हळूहळू खाली आणला. त्याच्या अंगावर उभे ओरखडे होते, ॲल्युमिनियम वितळून भिंतीला माखलं होतं. मिस्त्रीने बघितलं आणि बाजूला ठेवलं. मग क्रँकचं बेअरिंग काढलं. ते जळून निळं पडलं होतं.

"याचा अर्थ काय?" पुतणीने विचारलं.

"तेल पोचलं नाही."

"का नाही पोचलं?"

मिस्त्रीने खणातून तार काढली. तेल न पोचण्याची कारणं त्याला पाढ्यासारखी पाठ होती, आणि त्यातलं प्रत्येक कारण त्याच्याच हातून होण्यासारखं होतं.

तेलाची वाट पंपापासून क्रँकपर्यंत वाकडी जाते. मिस्त्रीने तार घातली, ती मध्येच मऊ कशाला तरी अडली. पुतणीने बॅगेतून आपला दातांचा छोटा आरसा काढला, कपाळाला दिवा लावला आणि वाकून बराच वेळ बघत राहिली. मग सरळ झाली आणि लांब चिमटा काकाच्या हातात दिला.

मिस्त्रीने ओढलं. रेसच्या इंजिनात घालतात ते एरंडेल तेल वाळून त्याचा गूळ झाला होता, त्यात लडबडलेला कापडाचा बोळा हळूहळू बाहेर आला. काळपट, चिकट, अंगठ्याएवढा.

आठवी चिंधी.

त्याने भिंतीकडे बघितलं. सात आत, सात बाहेर. एकतीस वर्षं ज्या गोष्टीला तो घाबरत होता, ती हातात होती, आणि तरी त्याला काहीच वाटेना. एवढंच वाटलं, की पोरीला आता सांगायला हवं.

"चिंधी राहिली," तो म्हणाला. "माझी. मोजताना चुकलो."

पुतणीने बोळा घेतला, पेट्रोलच्या वाटीत टाकला आणि ब्रशने घासू लागली. दात घासावेत तशी, गोल गोल. वाटीतलं पेट्रोल तपकिरी झालं. तिने कापड उलगडून बाकावर पसरलं. पांढऱ्यावर निळी फुलं होती.

"तुमच्या चिंध्या पांढऱ्या असतात, काका. याच्या एका टोकाचं निळं मी आरशातच पाहिलं होतं. तुम्ही काय म्हणताय ते बघत होते."

मिस्त्री बाकाला टेकला. त्या फुलांचं झबलं घालून लहानगी पुतणी याच टाकीवर बसलेली, असा एक फोटो भावजयीच्या कपाटावर होता. झबलं लहान झाल्यावर धाकट्याने त्याचा तुकडा कापून घेतला होता, गॉगल पुसायला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मिस्त्री पॅकिंग कापायला पाच मिनिटं बाहेर गेला होता. तेवढ्यात धाकट्याला ते भोक उघडं दिसलं असणार. चिंध्यांचा डबा लांब, खिशातलं फडकं जवळ. नियम पाळायचाच कंटाळा असलेल्या माणसाने त्या दिवशी नियम पाळला होता, पण अर्धाच. फडकं खोल आत गेलं आणि भिंतीवर लिहायचं राहिलं.

"तो मला विचारत होता," मिस्त्री म्हणाला.

"कोण?"

"तुझा बाप. रेषेवर. दादा, माझं फडकं पाहिलंस का, म्हणाला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"बाहीला पूस म्हणालो. आणि ढकललं."

हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं. त्या फडक्याचं काय झालं, एवढं जरी त्याने तेव्हा स्वतःला विचारलं असतं, तरी गाडी सुटली नसती. पुतणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवलाय हे त्याला कळलं, पण ओझं जाणवलं नाही.

"मला म्हणायचंच होतं की तुमची चूक नाही," ती म्हणाली. "पण ते तुम्हाला आता चालणार नाही."

"नाही चालणार."

"मग काम करू या."

सिलिंडर लेथवर मोठा करून घेतला, नवा पिस्टन बसवला. व्हॉल्व घासायचं काम पुतणीचं, तिच्या हाताला ते सोपं गेलं. मॅग्नेटोची ठिणगी धड पडायला पाच रविवार गेले. इंजिन जोडून बंद करायच्या दिवशी तिने अकरा चिंध्या काढून ओळीने मांडल्या, अकराचा आकडा दोनदा लिहिला, आणि मग जुन्या चौकोनाकडे बोट केलं.

"हे?"

"एक वाढव," मिस्त्री म्हणाला.

तिने दोन्ही सात पुसून तिथे आठ लिहिले.

गाडी त्यांनी बंद कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर नेली. पुतणी हेल्मेट घालू लागली तर मिस्त्रीने ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू नाही. मी."

"काका, तुम्हाला स्कूटरवरसुद्धा धडधडतं!"

"धडधडू दे."

तो बसला, गॉगल लावला, क्लच दाबला. मागून ती धावत ढकलू लागली. दहा पावलं, पंधरा पावलं. त्याने क्लच सोडला. गाडी अडखळली, खोकली आणि एकदम असा आवाज झाला की झाडावरचे कावळे उठले. पुतणी मागे राहिली, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत, ओरडत. मिस्त्री रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. उजव्या पायाने गिअर, डाव्याने ब्रेक, सगळं उलटं. वळला आणि परत आला. जळत्या एरंडेल तेलाचा वास त्याच्या अंगाला लागला होता.

तिच्याजवळ येऊन त्याने गाडी थांबवली, गॉगल कपाळावर सरकवला. पुतणीने खिशातून एक पांढरी चिंधी काढून पुढे केली.

त्याला ती दिसली नाही. त्याने बाही डोळ्यांवर दाबली आणि तशीच दाबून धरली.