सरड्याची काळी कूस

भिंगरीचे बाबा रंगारी. कुणाच्या घराला रंग द्यायचा तर आधी पुठ्ठ्यावर रंगाचा एक हात मारणार, तो वाळवणार, खिडकीपाशी धरून चार वेळा निरखणार, मगच भिंतीला ब्रश लावणार. एवढा चोखंदळ माणूस, पण लेकीचं एक वाक्य मनावर घेईल तर शपथ! नव्या घरात येऊन आठवडा झाला होता, आणि भिंगरी रोज कळवळून सांगत होती, "बाबा, माझ्या खोलीत कुणीतरी आहे हो."

"आहे ना, तुझी बडबड," बाबा म्हणायचे.

मग मावशीने रंग बदलणारा सरडा आणला. मावशी प्राणिसंग्रहालयात सापा-सरड्यांची देखभाल करते. तिथला त्याचा पिंजरा दुरुस्त होईपर्यंत चार दिवसांचा पाहुणा. भिंगरीच्या खोलीत ऊन यायचं, म्हणून तिथेच त्याची फांदी बांधली. बाबांना वाटलं, वा, आयताच मदतनीस मिळाला! दुपारी त्यांनी सरड्याखाली पिवळा पुठ्ठा धरला, मग निळा, मग लाल. सरडा आपला हिरवा तो हिरवाच.

"अगदीच कुचकामी!" बाबा वैतागले.

"पुठ्ठे बघून नाही हो बदलत तो," खाटेपाशी उभी असलेली भिंगरी म्हणाली. "मावशीने सांगितलंय. त्याच्या कातडीत बारीक बारीक खडे असतात, मिठापेक्षाही बारीक. तो निवांत असला की ते जवळजवळ बसतात आणि तो हिरवा दिसतो. चिडला की लांब लांब सरकतात, मग पिवळा, लाल. गारठला की काळपट होतो, ऊन जास्त लागावं म्हणून. आणि घाबरला तरी काळाच."

बोलता बोलता ती सरड्याकडे निरखून बघायला लागली. सरड्याची खिडकीकडची कूस हिरवीगार होती. भिंतीकडची मात्र काळीठिक्कर पडत चालली होती.

"गारठला असेल," म्हणत बाबांनी त्या बाजूला दिवा लावला. काळी ती काळीच. "मग भिंतीवरच्या आरशात दुसरा सरडा दिसला असणार." बाबांनी आरशावर रंगाचं फडकं टाकलं. तरी काहीच फरक नाही.

सरड्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. एक बाबांवर होता. दुसरा रिकाम्या कोपऱ्यावर.

मग तो दुसरा डोळा हलायला लागला. सावकाश, कुणी चालत जावं आणि आपण बघत राहावं तसा. कोपऱ्यातून कपाटाकडे. कपाटाकडून खाटेकडे. भिंगरीच्या अगदी शेजारी येऊन तो थांबला, आणि अख्खा सरडा काळा पडला.

बाबांनी हात पुढे केला. "तुझं खरं होतं गं बाळा," ते कसेबसे म्हणाले. "चुकलंच माझं. ये, माझ्याकडे ये. हळूच."

"कशी येऊ?" भिंगरी रडवेली होऊन म्हणाली. "माझा हात धरून ठेवलाय ना."