भानावर

खट्.

धाकटा नुकताच झोपला होता आणि घर इतकं गप्प होतं, की खोलीचं दार लागल्याचा तेवढा आवाजही दचकवून गेला. सकाळपासून मला एका जागी बसवत नव्हतं. संध्याकाळी डॉक्टर बाबांना तपासायला येणार होते. दादाने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं, बाबा भानावर आहेत असं डॉक्टर म्हणाले तर राहू देत तुझ्याकडे, नाहीतर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवतो. तुला दोन पोरं आहेत तेवढी पुरे.

भानावर. आईच्या तोंडी हा शब्द उठताबसता असायचा. माझं दूध उतू गेलं की "भानावर ये गं", बाबा ताटावर बसूनही किल्ली घासत राहिले की "अहो, भानावर या". तेव्हा कुणी डॉक्टरला बोलावलं नव्हतं.

बाबांची उभी हयात कुलपं दुरुस्त करण्यात गेली. अजूनही एखादं कुरकुरलं की काढतात, तेल घालतात, परत बसवतात. आज दोन काढली आणि अदलाबदल केली. बाहेरच्या दाराचं, आपोआप लागणारं कुलूप खोलीच्या दाराला बसलं होतं. वाऱ्याने दार लागलं आणि धाकटा आत.

किल्ली कुठे ठेवली, मी विचारलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले.

"अगं, पोरीला घरी एकटी टाकून तू दुकानात कशाला आलीस?"

ते माझ्या गेलेल्या आईशी बोलत होते. घरी एकटी राहिलेली पोरगी म्हणजे मी.

आत धाकट्याने सूर लावला. बाबांनी खिशातून तार काढली, वाकवली, भोकात घातली आणि मी रडायच्या आत दार उघडलं.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना वार, महिना, नातवंडांची वयं, सगळं बिनचूक सांगितलं. वर म्हणाले, "तुमच्या बॅगेचं कुलूप तेवढं भानावर नाही. ठेवून जा." डॉक्टर हसत हसत गेले. भानावर आहेत, म्हणाले.

मग दादाचा फोन आला. डॉक्टर अर्धा तास बघतात, दिवसभर तू बघतेस, खरं काय ते तू सांग, म्हणाला.

दुपारी सगळं बघितलेली थोरली माझा पदर ओढत होती.

"आई, आजोबा भानावर नसतात तेव्हा कुठे असतात?"