पिवळी पिशवी

हरिसिंगने स्टीलचा डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण उघडलं. आत बर्फाचे तुकडे होते आणि त्यांच्यामध्ये, प्रभावतीने तासाभरापूर्वी स्वतःच्या हाताने दिलेली प्लेटलेटची पिवळी पिशवी.

"दवाखान्यातली सिस्टर म्हनते, हे चालत नाई, वापस घेऊन जा," तो म्हणाला. "म्या तं रस्त्यात दोनदा बर्फ बदलला बाई, जराबी गरम होऊ नाई देल्ली."

प्रभावतीने पिशवी पुसली, खिडकीशी नेली आणि उजेडासमोर धरून हलकेच दाबली. प्लेटलेट जिवंत असल्या की आत बारीक चमकत्या लहरी फिरतात. यवतमाळच्या या रक्तपेढीत बावीस वर्षं ती रोज त्या लहरी बघत आली होती. घरी वरणाचं पातेलंही ती उजेडाला धरून बघते, अशी नवरा तिची थट्टा करायचा. आज पिशवीत काहीच फिरलं नाही. नुसतं गढूळ पिवळं पाणी.

"बाबा, बर्फ काहून टाकला?"

"तुमीच तं सांगतलं होतं!" हरिसिंग गोंधळला. "मांगच्या साली बायकोच्या ऑपरेशनले रक्त नेलं, तवा मी बिनबर्फाचा आलतो. तुमी मले केवढं झापलं. रक्त नासते म्हने."

तिला आठवलं. झापलं होतं खरं, आणि चांगलं झणझणीत झापलं होतं. तांड्यावरच्या या माणसाने तिचा शब्द वर्षभर जपून ठेवला होता. लाल रक्ताला थंडी लागतेच. प्लेटलेटला मात्र साधी गार खोली हवी आणि सतत हलतं राहायला हवं. बर्फ लागला की संपल्याच. हे ती प्रत्येकाला सांगायची. आज काउंटरवर गर्दी होती आणि तेवढंच राहून गेलं. पिशवीवर छापलेलं होतं, पण इंग्रजीत.

"चूक माझी आहे बाबा, तुमची नाई."

"चूक ऱ्हाऊ द्या. दुसरी द्या."

त्या रक्तगटाची दुसरी नव्हती. हरिसिंगची नात ममता पाच वर्षांची होती. डेंग्यूने तिच्या प्लेटलेट आठ हजारांवर आल्या होत्या, हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि आज रात्रीच्या आत पिशवी चढवायलाच हवी, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. प्रभावतीने फोन उचलला. तिचा सहकारी संघदीप कळंबच्या रक्तदान शिबिरावर गेलेला होता.

"संघदीप, बी पॉझिटिव्ह हायेत का?"

"तीन हायेत ताई. दुपारी एकनंतरचे. निघूनच राह्यलो. इथल्या मंडळानं लय सेवा केली, बर्फाची अख्खी लादी देल्ली. गाडीत ठेवली, आता पिशव्या तिच्यावर—"

"खबरदार!" प्रभावती इतक्या जोरात ओरडली की हरिसिंग दचकून उभा राहिला. "एक पिशवी लादीले लागली तं याद राख! त्यातूनच प्लेटलेट काढाच्या हायेत. उतरव थे लादी. रसवंतीवाल्याले देऊन टाक. आन् रक्त काढल्यापासून सहा तासांच्या आत मले इथं पायजे, समजलं?"

फोन ठेवून तिने हरिसिंगकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. "म्हंजे मी एकटाच येडा नाई," तो पुटपुटला, आणि एवढ्या काळजीतही प्रभावतीला हसू आलं.

पाचच्या आधी गाडी आली. पिशव्या फिरत्या यंत्रात गेल्या, लाल खाली बसलं, वरचं पिवळं वेगळं निघालं, पुन्हा फिरलं. मग तळाशी गोळा झालेल्या प्लेटलेट सुट्या व्हाव्यात म्हणून आधी तासभर पिशवी तशीच पडू द्यायची होती. तो तास कुणालाच चुकवता येत नाही. तेवढ्यात रक्ताच्या तपासण्या उरकल्या. हरिसिंग दारातल्या काचेशी उभा होता, बस म्हटलं तरी बसेना.

सगळं झाल्यावर प्रभावतीने त्याला आत बोलावलं आणि पिशवी उजेडात धरली. "बघा."

आत चमक फिरत होती. हरिसिंगने हात जोडले. "जित्ती हाये ना वो बाई हे!"

"जित्ती हाये. आता बर्फ नाई, ऊन नाई. मांडीवर घ्या आन् हळूहळू हलवत ऱ्हा."

त्याने डबा तिथेच ठेवला, खांद्यावरचा रुमाल काढला, पिशवी त्यात घेतली आणि तान्ह्या पोराला न्यावं तसा ऑटोत बसला.

तो गेल्यावर प्रभावतीने वाया गेलेली पिशवी पुढ्यात घेतली. कुणीतरी अनोळखी माणसाने विश्वासाने दंड पुढे केला होता, त्याचं हे झालं. तिला फार वाईट वाटलं. वहीत कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं: 'बर्फ लावू नये ही सूचना दिली नाही', आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. मग लाल पेन घेऊन उरलेल्या प्रत्येक पिवळ्या पिशवीसाठी मराठीत चिठ्ठ्या करत बसली.

चौथ्या दिवशी हरिसिंग दारात उभा. ममताने भाकर मागितली होती, उद्या दवाखान्यातून सुट्टी मिळणार होती. सांगता सांगता तो शर्टाची बाही वर करू लागला.

"हे काय बाबा?"

"एक नासवली ना म्या. भरून द्याची हाये."

तो आयुष्यात पहिल्यांदा त्या खाटेवर आडवा झाला. सुईकडे बघणार नाही म्हणाला आणि शेवटपर्यंत बघत राहिला. शेजारी त्याची पिशवी डुलत डुलत भरत होती. एवढ्यात काउंटरशी एक दमलेला माणूस हातात बर्फाचा डबा घेऊन आला. प्रभावती काही बोलणार, त्याआधीच खाटेवरून आवाज आला.

"ओ दादा! डबा नंतर खोला. आधी इचारा, लाल देऊन राह्यले का पिवळी?"