पिसाऱ्याची वेलांटी

मी ड्रम बोलतोय. मोठा, आडवा, पायाने वाजवायचा. आजवर कुणी ठोकल्याशिवाय तोंड उघडलं नाही, पण आता राहवत नाही. ज्याच्या पायाशी आयुष्य काढलं, त्यानेच मला तोंडघशी पाडलं.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचे पातळ थर वाफेवर मऊ करून वाकवले, कडा जुळवल्या आणि तोंडावर पांढरं कातडं ताणलं. दुकानात मला ताईने पाहिलं. आईवडिलांच्या मागे धाकट्या भावाला तिनेच वाढवलेलं. तो लहानपणापासून ताटवाट्या बडवायचा, म्हणून त्याचं नाव पडलं ठोक्या. "घे, आता माझ्या भांड्यांना सुट्टी दे," म्हणत तिने मला त्याच्या हवाली केलं.

घरचाच तिघांचा गट होता. ताई गायची, तिचा नवरा म्हणजे भावोजी व्हायोलिन वाजवायचे आणि ठोक्या मला. गाणी सगळी हळुवार. माझा आवाज त्यांच्यावर चढू नये म्हणून ताईने आपली जुनी रजई माझ्या पोटात भरली. तोंडावर नावही तिनेच रंगवलं: पिसारा. त्यातली पहिली वेलांटी म्हणजे एक निळंहिरवं मोरपीस होतं. आल्यागेल्याची नजर आधी त्यावर जायची आणि मी फुशारून जायचो.

पुढे त्याच शहरात 'पसारा' नावाचा दुसरा गट निघाला. गिटारी, किंकाळ्या, धूर. एका वेलांटीने काय घोळ घातला म्हणता! काळ्या शर्टातली पोरं आमच्या कार्यक्रमाला येऊन तिसऱ्या गाण्याला घोरायला लागायची. एक आजी-आजोबा चुकून तिकडे गेले आणि तिकीट काढलंय म्हणून कानात बोळे घालून शेवटपर्यंत बसले. चौकशीचा फोन आला की ताई म्हणायची, "वेलांटी बघा हो, वेलांटी!" आतून भावोजी ओरडायचे, "आमच्याकडे दोन्ही मिळेल! स्टेजवर पिसारा, स्वयंपाकघरात पसारा!"

एकदा पसाराचा म्होरक्या घरी आला. "तुम्ही नाव बदला ना."

"आमचं आधीचं आहे. तुम्हीच आवरा तुमचा पसारा," ताई म्हणाली.

तो हसला. ठोक्या त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेला, तो बराच वेळ वर आलाच नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग ताईच्या घशाचं ऑपरेशन झालं. कितीतरी महिने ती पाटीवर लिहून बोलायची. आवाज परतला तो खरखरीत, जपून वापरावा असा. तरी तिने पुन्हा गायचं ठरवलं. छोटं सभागृह घेतलं. आतून ती घाबरली होती.

"तू ठेका धरून राहा रे. मी पडले तरी तुझ्यावर पडेन," ती ठोक्याला म्हणाली.

"मी कुठे जातोय, ताई?"

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी "कातडं ताणून आणतो" म्हणून त्याने मला उचललं आणि एका गोदामात नेलं. थिनरचा बोळा घेऊन माझं तोंड पुसायला लागला. मला वाटलं, ताईसाठी चकाचक करतोय. त्याने फक्त मोरपीस पुसलं. मग रजई ओढून काढली आणि कोपऱ्यात फेकली. मागे म्होरक्या उभा होता. म्हणाला, "बघ, वेलांटीचंच तर काम होतं."

संध्याकाळी मी मोठ्या मैदानावर दणाणलो. माणसं बेभान नाचत होती. मला मात्र ताई दिसत होती, पडद्यामागे उभी राहून दाराकडे बघणारी. नंतर घरी भावोजींच्या बोलण्यातून कळलं, तिने पहिली ओळ पुन्हा पुन्हा सुरू केली आणि शेवटी लोकांची माफी मागून पडदा पाडायला लावला.

पसाराने ठोक्याला नवा ड्रम घेऊन दिला. गरज सरो नि वैद्य मरो! त्याने मला ताईच्या दाराबाहेर आणून ठेवलं आणि निघून गेला. जन्मभर मला वाजवणाऱ्याला साधी बेल वाजवता आली नाही.

ताईने दार उघडलं, माझ्या तोंडावरचं नाव वाचलं. भावोजी रंगाची डबी घेऊन आले. "वेलांटी परत काढू या?"

"नको," ती म्हणाली. "खरं तेच लिहिलंय."

आता मी खिडकीशी असतो. अंगावर कपड्यांच्या घड्या. इतक्या वर्षांत कातडं पिवळट पडलंय, पण पिसाने झाकलेली जागा पांढरीच राहिली आहे. ती थिनरने जात नाही.

दुपारी घरात कुणी नसलं की ताई गुणगुणते. पोटात रजई नाही, त्यामुळे तिचा सूर लागला की मी आपोआप घुमतो. अगदी हलका, पूर्वीसारखा. ती थांबते आणि दाराकडे बघते. मी आहे गं, तो नाही. पण हे तिला सांगू कसं?

तुम्ही कुणी तिच्याकडे गेलात तर एवढं करा. माझ्या पोटात काहीतरी भरा. चिंध्याही चालतील. तिला दाराकडे बघायला लावणं आता माझ्याने होत नाही.