सुमतीच्या नावाची बाटली

मित्रांनो, ठाण्याच्या कोपरीतील एका बंद दवाखान्याच्या कपाटात ओठाशी टवका उडालेली जी काचनळी उभी आहे, ती मी. भट्टीच्या ज्वाळेत माझा जन्म झाला आणि स्पिरिटच्या दिव्यावर माझे आयुष्य सरले. डॉक्टर हरिहर रुग्णाचे मूत्र माझ्यात घेऊन तापवीत. मूत्रपिंडे निरोगी असली, तर ते उकळूनही नितळ राही. बिघडली असली, तर त्यात पांढरा ढग दाटे. "ही आपली साक्षीदार," मला पुसताना डॉक्टर म्हणत. त्या शब्दाचा मला फार अभिमान होता.

सन १९५२च्या उन्हाळ्यात कळव्याच्या विमलाबाई आपल्या सुनेला, सुमतीला, घेऊन आल्या. सुमतीच्या दोन्ही गालांवर आणि नाकावर तांबडा चट्टा पसरला होता.

"शेजारणी विचारतात, तुमची सून बारा महिने होळी खेळते की काय?" विमलाबाई म्हणाल्या. "कल्याणच्या डॉक्टरांच्या मलमाच्या डब्या खरवडून झाल्या!"

"उन्हात गेलं की जास्त पेटतं," सुमती हळूच म्हणाली. "आणि हल्ली पायांत जोडवी रुततात."

डॉक्टरांनी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. तिथे पडलेला खळगा बराच वेळ भरला नाही.

"कातडीचं दुखणं वेगळं आणि सूज वेगळी, असं मला वाटत नाही," ते म्हणाले. "दोन्हींच्या मुळाशी एकच व्याधी असावी. मूत्रपिंडं काय म्हणतात ते पाहू. उद्या सकाळचं पहिलं मूत्र आणा." त्यांनी एका बाटलीवर सुमतीचे नाव डकवून दिले.

दुसऱ्या दिवशी विमलाबाई एकट्याच बाटली घेऊन आल्या. डॉक्टरांनी मला ज्योतीवर धरले, व्हिनेगरचे थेंब टाकले, खिडकीच्या उजेडात पुनःपुन्हा न्याहाळले. माझ्यात ढग नव्हता.

"मूत्रपिंडं ठीक आहेत," ते पुटपुटले आणि आपलीच खरी शंका त्यांनी सोडून दिली. सूज रक्तक्षयाची मानून लोहाचे औषध दिले. चट्ट्यावर मलम चालूच राहिले.

दसऱ्याच्या सुमारास सुमती सासू आणि नणंदेच्या आधाराने आली, तेव्हा तिच्या पापण्या उघडत नव्हत्या. या वेळी डॉक्टरांनी दवाखान्यातच मूत्र घेतले. ज्योतीचा स्पर्श होताच माझ्यात दह्यासारखा साका धरला.

"विमलाबाई, मागची बाटली हिचीच होती ना?"

विमलाबाई पदराचे टोक पिळीत राहिल्या. सुमतीच बोलली, "मी बाहेर बसले होते, डॉक्टर. चार दिवस घरातल्या कशाला शिवायचं नव्हतं."

"पुरुषमाणसाला हे कसं सांगायचं?" विमलाबाई म्हणाल्या. "म्हणून माझ्या लेकीची, नीलाची, भरून आणली. नणंद-भावजया एकाच चुलीवरचं खातात. म्हटलं, दोघींचं काय निराळं निघणार?"

"चार दिवस थांबला असता, तरी चाललं असतं हो," डॉक्टर म्हणाले. त्यांचा स्वर चढला नाही, आणि म्हणूनच तो मला असह्य झाला.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात कातडीचे आणि मूत्रपिंडांचे दुखणे जोडून पाहिले गेले. शरीर स्वतःच्याच अवयवांना परके समजून त्यांवर उठते, अशा जातीची ती व्याधी होती. नवे औषधही मिळाले. पण मूत्रपिंडे माघारी फिरली नाहीत. मार्गशीर्षात सुमती गेली.

त्यानंतर डॉक्टरांनी मला साक्षीदार म्हटले नाही. दिवेलागणीस ते मला रिकामीच उजेडासमोर धरीत आणि पुन्हा कपाटात ठेवून देत.

पुढल्या वर्षी विमलाबाई पुन्हा आल्या. नीलाला ताप येत होता. बाटलीवर या वेळी तिचेच नाव होते. डॉक्टरांनी मला तापवले.

"स्वच्छ?" विमलाबाईंनी विचारले.

"स्वच्छ."

"तेव्हाही असंच दिसलं होतं?"

"अगदी असंच."

त्या माझ्यातल्या नितळ पाण्याकडे पाहत राहिल्या आणि पाहता पाहता तिथेच भुईवर बसल्या.

मित्रांनो, माझ्यात जे ओताल तेवढ्याचीच साक्ष मला देता येते. घरातल्या आजारी माणसाला दूर बसवू नका, आणि त्याच्या दुखण्याच्या जागी दुसऱ्याचे आरोग्य आणून ठेवू नका. आता मला कोणी तापवीत नाही. तरी कपाटाच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते, मी नितळ चमकते, आणि त्या नितळपणाचे मलाच भय वाटते.