गिऱ्हाईक

कंगव्याचे मधले दोन दात गेले होते, आणि त्या फटीत एक पांढरा केस अडकला होता — कोणाचा असेल? इथे तर सगळ्यांचेच पांढरे... बाबांनी तो चिमटीत धरून ओढला, उजेडात पाहिला आणि फुंकर मारून उडवला. मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "बसा साहेब. तुमचाच नंबर."

साहेब. म्हणजे आजही नाही.

नेहमीचं वाक्य त्याच्या जिभेवर आलंच होतं — बाबा, मी, तुमचा थोरला. चष्म्याच्या दुकानात आठवडाभर लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलत तो विचारायचा, आता दिसतंय? आणि आता? — आणि रविवारी या वृद्धाश्रमात येऊनही त्याने तेच चालवलं होतं: जुना फोटो पुढे करून, आईचं नाव घेऊन, आता आठवतंय? आणि आता? बाबा कावरेबावरे व्हायचे, धडा न आलेल्या पोरासारखे ओशाळून हसायचे, आणि मागच्या खेपेला तर हात जोडून म्हणाले होते, माफ करा हं, आमचं लक्ष नव्हतं...

पण आज बाबा खिडकीजवळच्या खुर्चीमागे उभे होते, खांद्यावर टॉवेल टाकून, अगदी पूर्वी आपल्या केस कापायच्या दुकानात उभे राहायचे तसे. हल्ली दुपारी ते असं दुकान लावतात, कात्री अर्थात देत नाही, नुसता कंगवा, पण सगळ्यांना फार आवडतं, असं इथल्या सेविकेने दारातच सांगितलं होतं. शेजारच्या बाकावर एक आजी नुकतीच वेणी घालून घेऊन नवरीसारखी ऐटीत बसली होती. तो ते वाक्य गिळून खुर्चीत बसला.

टॉवेल मानेभोवती आला. तो खोचणारी बोटं, मान किंचित पुढे लववणारी, हनुवटी सरळ करणारी... ती बोटं मात्र काही विसरली नव्हती. त्याचे डोळे आपोआप मिटले. खुर्चीच्या हातांवर आडवी टाकलेली फळी, तिच्यावर लहानगा मी, पाय लोंबकळताहेत, पावडरीचा वास, आणि दुकानभर बाबांचं बोलणं. गिऱ्हाइकांशी किती बोलायचे ते! कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाची गुडघेदुखी, सगळं त्यांना ठाऊक. घरी आले की तोंडाला कुलूप. जेवताना मीठ हवं असलं तरी नुसतं बोट दाखवायचे. त्याला वाटायचं, आपण या माणसाचं पोर नसून गिऱ्हाईक असतो तर बरं झालं असतं.

कंगवा मध्येच थांबला. कानांमागची झालर सोडली तर त्याच्या डोक्यावर आता काही उरलं नव्हतं. बाबांनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"भांग कुठून पाडू?"

"बघा तुम्हीच," तो म्हणाला. "सापडेल तिथून पाडा."

आपण पुन्हा चुकलो, असं त्याला वाटलं — आणि मग बाबा हसले. पोटातून, खांदे गदगदा हलवत, खुर्चीची पाठ धरून. आजीही हसू लागली, कशाला ते न विचारता. बाबांना असं हसताना त्याने कधी पाहिलं होतं? दुकानात, बहुतेक. दुसऱ्या कोणाबरोबर.

"आमचा थोरला," झालर विंचरता विंचरता बाबा सांगू लागले, "मशीनला फार भ्यायचा. आवाज आला की धूम. मग तो झोपला की मी उशाशी बसून कात्रीने कापायचो. एक बाजू झाली की थांबायचं. कूस बदलली की दुसरी."

"आणि नाहीच बदलली तर?"

"मग सकाळी अर्ध्या डोक्याने शाळेत!"

पुन्हा तिघंही हसले. पण फळी? मी फळीवर बसायचो ना? का तो धाकटा भाऊ होता, आणि मी नुसता दारातून बघत होतो...

"आता काय करतो तो?" न राहवून त्याने विचारलं.

बाबांनी कंगव्यावर फुंकर मारली. "मोठा झाला. आता डोकं देत नाही हातात."

त्याने मान आणखी खाली घातली. बाबांनी मानेवरचे, नसलेले, सगळे केस नीट झटकले.

फाटकाबाहेर आल्यावर बायकोचा फोन आला. बाबांनी ओळखलं का, हे तिने जरा जपूनच विचारलं.

"नाही," तो म्हणाला, आणि ते इतकं सहज निघालं की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"मग हसताय कशाला?"

घरी आल्यावर सांगतो म्हणाला खरा, पण सांगणार काय? फळी खरी की झोप खरी, हे धाकट्याला विचारता आलं असतं. विचारावंसं वाटेना. आपण गाढ झोपलेले असताना कोणीतरी उशाशी बसून, हातातली कात्री बंद करून, आपण कूस बदलायची वाट पाहत होतं... असेल. नसेलही. गाडीची किल्ली हातातच होती, पण तो गाडी ओलांडून तसाच पुढे, सावकाश, चालत राहिला.